उलटी बाजू: घरच्या आरओचं सव्वातीन वर्षांनंतरचं परीक्षण

आरओ म्हणजे दाब देऊन पाणी पडद्यातून पिळणारं आणि क्षार मागे ठेवणारं यंत्र. आमच्या यंत्राचं नाव लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे आणि ती एखाद्या पोराच्या नोकरीवर यायला नको. शिवाय पेटीवरचं स्टिकर खरवडून काढलं, तर आमची पेटी कुठली आणि शेजाऱ्यांची कुठली हे मलाही ओळखता येणार नाही. आत सगळीकडे तेच. गाळ अडवणारा स्पन, कोळशाचा कार्बन, पंप, मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, जंतू मारणारी यूव्हीची (अतिनील प्रकाशाची) नळी आणि गिऱ्हाइकाला खूश करायला दोन-तीन शोभेची नळकांडी.

मी सत्तावीस वर्षं कारखान्याच्या पाणी विभागात ऑपरेटर होतो. सुरुवात डीएम प्लांटच्या, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या, रेझिनवर झाली, शेवटची बारा वर्षं मोठ्या आरओ संचावर गेली. दर दोन तासांनी दाब, फ्लो, कंडक्टिव्हिटी लॉगबुकात लिहायची सवय हाडांत मुरलेली. त्यामुळे हे यंत्र भिंतीवर चढलं त्याच दिवशी मी त्याची वही घातली. ही म्हणाली, "अहो, पाणी प्यायचंय की त्याची हजेरी घ्यायचीय?" दोन्ही, म्हटलं.

घेतलं का, ते आधी सांगतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ६४०. निव्वळ एवढ्यासाठी मी आरओच्या वाटेला गेलो नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ६०० च्या आत चव चांगली लागते आणि १००० च्या पुढे पाणी नकोसं होत जातं. आमचं पाणी उंबऱ्यावर बसलेलं. पण सूनबाईंना दिवस गेले तेव्हा मी ते लॅबमधून तपासून घेतलं आणि नायट्रेट निघाला लिटरला ६२ मिलिग्रॅम. त्याच संघटनेची त्यासाठीची मर्यादा ५०, आणि ती मुळात बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार करून घातलेली आहे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर पाणी उडतं आणि तो मागे राहून आणखी दाट होतो. यूव्ही त्याला काही करत नाही, कार्बनमधून तो सरळ निघून जातो. म्हणून आरओ. टीडीएस मोजायचं पेन पाण्यात बुडवून घाबरवणाऱ्या विक्रेत्याचं ऐकून घेतलेला नाही.

आता वही. पहिल्या महिन्यातली, पाणी २५ अंशांच्या आसपास असतानाची नोंद: एक लिटर शुद्ध पाणी भरायला सहा मिनिटं, तेवढ्या वेळात रिजेक्टच्या, म्हणजे टाकाऊ खाऱ्या पाण्याच्या, नळीतून बादलीत २.४ लिटर. म्हणजे ३.४ लिटर आत घेऊन हाती एक, रिकव्हरी २९ टक्के. आत येणारा टीडीएस ६४०, मेम्ब्रेनच्या तोंडाशी २८. मीठ अडवण्याचं काम साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या वर. रिजेक्टमध्ये पेन बुडवण्याआधी कागदावर हिशोब केला, तो आला ८९५. पेनने ८९० दाखवलं. जे आत गेलं ते कुठून तरी बाहेर यायलाच हवं, आणि ते तसं येताना दिसलं की ऑपरेटरला रात्री झोप लागते. नायट्रेट परत लॅबला दिला, ६२ चा ७ झाला होता. मेम्ब्रेन बाकीच्या क्षारांइतका नायट्रेटला अडवत नाही, तेव्हा ७ हा आकडा मला पटला. शून्य आला असता तर लॅबवरच संशय घेतला असता.

थंडीत हेच यंत्र रडतं. पाणी एका अंशाने गार झालं की धार साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. दोन डिसेंबर माझ्याकडे नोंदले आहेत आणि दोन्ही वेळा घरात तीच तक्रार, "खराब झालं वाटतं." खराब काही नव्हतं, पाणी गार होतं. माहितीपुस्तिकेत ही गोष्ट बारीक अक्षरातसुद्धा नाही.

क्षार अडवणारा हा पडदा कोणाच्या डोक्यातून आला, हे मला प्लांटवर ट्रेनिंग द्यायला आलेल्या एका इंजिनियरांनी सांगितलं होतं. फळ्यावर त्यांनी एक आडवी जाड पट्टी काढली आणि तिच्या वरच्या कडेला खडूची एक बारीक रेघ ओढली. म्हणाले, "तुमचा पगार या रेघेतून येतो."

त्या रेघेमागचा माणूस सिडनी लोब. १९१७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीला जन्म, इलिनॉय विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी, मग बरीच वर्षं तेल-रसायनं, रॉकेटं असल्या उद्योगांत नोकरी. चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हीच गोष्ट सर्वांत आवडते. आमच्या खात्यात चाळिशीच्या माणसाला नवीन पंपाचं मॅन्युअल वाच म्हटलं तरी तो रजेचा अर्ज टाकायचा.

तिथे त्याच्याबरोबर होते श्रीनिवास सौरीराजन, आपल्याकडून तिकडे गेलेले रसायनशास्त्रज्ञ. समुद्राच्या पाण्यातून दाब देऊन गोडं पाणी पिळून काढायचं, हे त्या प्रयोगशाळेचं काम. सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवतो, हे फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी त्याआधीच दाखवलं होतं. अडचण अशी की पाणी थेंबाथेंबाने यायचं. पडदा जाड असला की पाणी येत नाही आणि पातळ केला की फाटतो. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा ऑस्मॉटिक दाबच, म्हणजे गोडं पाणी खाऱ्याकडे ओढणारा जोर, पंचवीस बारच्या पुढे, त्याच्यावर मात करायची म्हणजे पडद्याला त्याहून जास्त दाब सोसायला हवा. या कात्रीत सगळे अडकलेले.

लोब आणि सौरीराजन यांनी बाजारात मिळणारे सेल्युलोज अॅसिटेटचे पडदे आणून गरम पाण्यात तापवून पाहिले. निकाल विचित्र. एकदा मीठ छान अडायचं, दुसऱ्यांदा त्याच पडद्याचा तुकडा लावला तर मीठ सरळ पार. शेवटी उलगडा झाला तो असा की पडद्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तर काम होतं, उलटी ठेवली तर होत नाही. म्हणजे मीठ अडवणारा थर एकाच अंगाला होता, खालचं सगळं भोकाभोकांचं, नुसतं आधाराला. दुधावर साय असते तसं.

मग त्यांनी ती साय मुद्दाम धरायला लावली. सेल्युलोज अॅसिटेट अॅसिटोनमध्ये विरघळवायचं, त्यात पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट घालायचं, थंडीत काचेवर पातळ पसरायचं, थोडा वेळ वरच्या अंगाने अॅसिटोन उडू द्यायचं आणि बर्फाच्या पाण्यात बुडवायचं. शेवटी गरम पाण्यात शेक. पडदा साधारण शंभर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, त्यातली साय मायक्रॉनच्या काही दशांशाएवढीच. पाणी अडतं फक्त सायीत, त्यामुळे धार एकदम कितीतरी पटींनी वाढली. १९६० च्या आसपासची ही गोष्ट, पेटंट १९६४ मध्ये मिळालं. सौरीराजन लवकरच कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गेले आणि पडद्यांचंच काम करत राहिले. लोब मात्र पडदा घेऊन गावात गेला. कॅलिफोर्नियात कोलिंगा नावाचं गाव, जमिनीखालचं पाणी खारट, एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागायचं. तिथे १९६५ च्या जूनमध्ये दिवसाला ५००० गॅलन, म्हणजे एकोणीस हजार लिटरांच्या आसपास पाणी देणारा आरओ प्लांट सुरू झाला. प्रयोगशाळेबाहेर गावाला पाणी पाजणारा तो पहिला. पडदे तेव्हा नळ्यांच्या रूपात होते.

आता माझी तक्रार. ती याच गोष्टीशी जोडलेली आहे, नाहीतर वरचं पुराण लावलं नसतं.

दोन वर्षांनी मेम्ब्रेन बदलायला कंपनीचा मुलगा आला. चुणचुणीत होता, पंधरा मिनिटांत आटपून निघाला. जाताना मी पेन बुडवलं तर ३१०. जुना मेम्ब्रेन काढताना ५५ होता, आणि नवा ३१०! तो म्हणाला, "काका, नवीन आहे, सेट व्हायला दोन दिवस लागतात." नव्या मेम्ब्रेनमधलं पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, हे खरं. पण तासाभराने निवळत नसेल तर तो दोन दिवसांनीही निवळणार नाही. दुसऱ्या दिवशी ३०५. फोन केला तर तिकडून उत्तर, तुमचं कच्चं पाणीच वाढलं असेल. कच्चं मोजलं, ६३५. पुन्हा फोन. मग सांगितलं गेलं की मोठा मेम्ब्रेन आणि जास्त ताकदीचा पंप लावावा लागेल. चौथ्या दिवशी मी नळ बंद केला, दाब सोडला आणि हाउसिंग, म्हणजे मेम्ब्रेन ज्यात बसतो ते नळकांडं, स्वतः उघडलं.

मेम्ब्रेनच्या एका टोकाला मधली नळी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर रबराच्या दोन छोट्या गोल कड्या, ओ-रिंगा. त्या हाउसिंगच्या तळातल्या भोकात घट्ट बसल्या तरच खारं आणि गोडं पाणी वेगळं राहतं. एक रिंग वळकटी होऊन खाचेबाहेर आली होती, दुसरी चिरलेली. कोरडीच दाबून बसवली असणार. मेम्ब्रेन निर्दोष, पाणी मात्र त्याला वळसा घालून जात होतं. जुन्या मेम्ब्रेनच्या रिंगा धुऊन, बोटभर ग्लिसरीन लावून चढवल्या, मेम्ब्रेन हलकं फिरवत आत ढकलला. अर्ध्या तासाने पेनने २४ दाखवलं. हिला हाक मारून दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं. आता ओटा पुसा."

वंगणाचं लक्षात ठेवा. ग्लिसरीन किंवा साधं पाणी चालेल. पेट्रोलियम जेली कधीच नको, तिने रबर फुगतं आणि मेम्ब्रेनचंही नुकसान होतं.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला पेटी उघडायला शिकवलंय, पाणी कुठून कुठे जातं ते शिकवलेलं नाही. दिवसाला दहा घरं करायची असतील तर पेन बुडवून थांबायला वेळ कुठला? दोष त्याला तसं पाठवणाऱ्यांचा.

जुना मेम्ब्रेन मी टाकला नाही. रविवारी वर्तमानपत्र पसरून मोठ्या नातीसमोर कापला. वरची प्लास्टिकची पट्टी काढली की चटईची गुंडाळी उलगडावी तसा तो उलगडतो. मध्ये भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती गुंडाळलेलं पाकीट. पाकिटाच्या आत विणलेलं कापड, ज्यातून गोडं पाणी नळीकडे सरकतं. बाहेर प्लास्टिकची जाळी, जिच्यातून खारं पाणी वाहतं. तीन कडा डिंकाने बंद. ही गुंडाळीची युक्ती साठच्या दशकात अमेरिकेतच निघाली. आजचा पडदा लोबचा सेल्युलोज अॅसिटेट नाही, पॉलिअमाइड आहे. सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी बसवलेली रीत. आधाराच्या सच्छिद्र थरावर दोन रसायनांची गाठ घालून द्यायची, की तिथल्या तिथे ती बारीक साय धरते. घडण तीच राहिली, साय बदलली. आमच्या जाळीत सुरुवातीच्या टोकाला तपकिरी बुळबुळीत थर होता आणि शेवटच्या टोकाला पांढरी खरखर. नातीने बोट फिरवून विचारलं, "इकडे वाळू आणि तिकडे शेवाळ, असं का?" शेवटाकडे पाणी सर्वांत खारट झालेलं असतं, म्हणून क्षार तिथे जमतात. ज्यांना रिजेक्ट कमी करायचा म्हणून एफआर, म्हणजे रिजेक्टची धार आवळणारा तुकडा, बदलावासा वाटतो त्यांनी एकदा ही खरखर बघावी. बोअरच्या जड पाण्यावर रिकव्हरी चढवली की मेम्ब्रेन वर्षभरात दगड होतो.

पॉलिअमाइडची एक खोड आहे, क्लोरीन त्याला खातो. म्हणून आधी कार्बन. कार्ट्रिज बदलायला उशीर केला तर दंड मेम्ब्रेनला बसतो आणि भरता आपण. आमचं बोअरचं असल्याने ही भीती कमी, पण टाकी क्लोरीनने धुतली की मी दिवसभर यंत्र बंद ठेवतो.

आता शोभेच्या नळकांड्यांकडे वळतो. तांब्याची कार्ट्रिज: चवीत फरक नाही, पेनवर फरक नाही, डब्यावर मात्र ठळक अक्षरात. मिनरलची: टीडीएस आठाने वाढतो, पाणी किंचित कमी आंबट होतं, असू दे. पुढचा निळा दिवा: यूव्हीची नळी मी एकदा मुद्दाम काढून ठेवली, दिवा तसाच ऐटीत पेटत होता. तो एलईडी, नळीशी त्याचा संबंध नाही. आणि यूव्हीची नळी पेटलेली दिसली म्हणजे तिचा जोर शाबूत आहे असंही नव्हे. तास भरले की बदलायची. पुन्हा यूव्ही पाण्यात मागे काही ठेवत नाही. टाकी घासली नाही तर सगळ्या तपश्चर्येचं पाणी शेवाळात जाऊन पडतं.

पण सगळ्यांत वाईट गोष्ट एक बारीक स्क्रू आहे. त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात आणि पाणी 'गोड' लागावं म्हणून बसवणारा तो थोडा उघडून जातो. तो काय करतो? मेम्ब्रेनला वगळून कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. आमच्या नळाला पहिल्या दिवशी ११० येत होता. हिशोब घातला तर १३ टक्क्यांहून जास्त कच्चं पाणी. शंभर पेल्यांत तेरा पेले बोअरचे! ज्या नायट्रेटसाठी हा खटाटोप केला तो त्या वाटेने परत आत, ७ चा जवळजवळ १५. मर्यादेच्या आतच आहे, कबूल. पण कोणाच्या पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड असेल तर? मी तो स्क्रू पूर्ण बंद केला. चवीसाठी मिनरलची कार्ट्रिज पुरे.

रिजेक्टसाठी नळी लांब करून पिंपात सोडली आहे. फरशी आणि संडासाला त्यातलं सगळं जातं. झाडांना मी देत नाही. ८९० टीडीएस रोज कुंडीत ओतलं तर काही महिन्यांत पानांच्या कडा जळतात, ही चूक एकदा करून झाली आहे.

लोबबद्दल एक राहिलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो इस्रायलला गेला, नेगेवच्या वाळवंटातल्या बेरशेबाला. पुढे तिथल्याच बेन गुरियन विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकीचा प्राध्यापक. जॉर्डन नदीचं गोडं पाणी मृत समुद्राच्या पराकोटीच्या खारटात मिसळताना बघून त्याने स्वतःचाच शोध उलटा केला. दाब देऊन गोडं पाणी काढता येतं, तर गोडं पाणी खारटात शिरू देऊन दाब का मिळवू नये, आणि त्यावर टर्बाइन का फिरवू नये? सत्तरच्या दशकात त्याने याचंही पेटंट घेतलं. नॉर्वेत टोफ्टे इथे २००९ मध्ये काही किलोवॉटचा असा पहिला नमुना प्लांट सुरू झाला आणि चार-पाच वर्षांत परवडत नाही म्हणून बंद पडला. लोब २००८ च्या डिसेंबरमध्ये वारला, त्याने तो पाहिला नाही. माझ्या रिजेक्टच्या नळीकडे बघताना हे मला नेहमी आठवतं. पंपाने दिलेल्या दाबातला बराचसा त्या बारीक एफआरमध्ये घासून नुसताच संपतो. मोठ्या समुद्रपाण्याच्या प्लांटवर रिजेक्टमधली ही ऊर्जा परत मिळवतात, भिंतीवरच्या पेटीत कोण करणार.

कोणी घ्यावं? आधी पाणी लॅबला द्या, पेनवर जाऊ नका. पेन क्षार मोजतं, विष मोजत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांपैकी काही मर्यादेबाहेर असेल, किंवा टीडीएस हजाराच्या पुढे असेल, तर घ्या आणि बिनधास्त घ्या. नगरपालिकेचं दोनशे टीडीएसचं पाणी असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही भरपूर झालं; तिथे आरओ लावणं म्हणजे बादल्या ओतून समाधान विकत घेणं. घेताना दिवे मोजू नका. मेम्ब्रेन कोणाचा, हाउसिंग घरच्या पान्याने उघडतं का, मेम्ब्रेननंतर लगेच नमुना घेता येतो का, एवढं विचारा. आमच्या यंत्राला मेम्ब्रेनबद्दल दहापैकी नऊ, पंपाला आठ, पेटीला पाच. सेवेचे गुण मी देत नाही, तो मुलगा हे वाचेल.

पुढच्या आठवड्यात मेम्ब्रेन पुन्हा बदलायचा आहे. पेन आजकाल ५० दाखवतंय. नातीने सांगून ठेवलंय की या वेळी ओ-रिंगा ती बसवणार. ग्लिसरीनची बाटली तिने आत्ताच तिच्या दप्तरात नेऊन ठेवली आहे, ती तेवढी बाहेर काढायला हवी.